कागदावर सात वर्षांची

आमची लेक इथिओपियाची. २०११ मध्ये आम्ही तिला दत्तक घेतलं. तेव्हा कागदावर तिचं वय सात वर्षं होतं आणि आईवडील दोघंही वारलेले. यातलं काहीच खरं नव्हतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मूळचे साताऱ्याचे. चाळिशी उलटल्यावर तान्ह्या बाळाचा हट्ट नको, मोठं मूल चालेल, असं आम्हीच एजन्सीला सांगितलं. "मोठ्या मुलांना कोणी घेत नाही हो," हे त्यांचं पालुपद. सगळे मिळून सव्वीस हजार डॉलर गेले. त्यातले तीन हजार रोख, तेही कोऱ्या करकरीत शंभराच्या नोटांत, अनाथाश्रमाला 'देणगी' म्हणून. पावती मागितली तर बाई हसल्या. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण मुलीचा फोटो पाकिटात होता, आणि फोटो पाकिटात आला की माणूस प्रश्न विचारायचं सोडतो.

अदिस अबाबाला दोन खेपा झाल्या, एक कोर्टासाठी, एक व्हिसासाठी. दुभाषी एजन्सीचाच. तो मुलीला काहीतरी विचारी, ती खाली बघून एखादा शब्द बोले, आणि तो मोठ्ठं वाक्य सांगे, "तिला तुम्ही खूप आवडलात."

एजन्सीने अम्हारिकचे, म्हणजे तिथल्या मुख्य भाषेचे, शब्द पाठ करायला दिले होते. पाणी म्हणजे वुहा. घरी आल्यावर मी वुहा, वुहा करत पेला पुढे धरायचे, ती ढिम्म. तिसऱ्या दिवशी ती रडत "हात्ता, हात्ता" म्हणू लागली. आम्ही दोघं तिचे हात उलटेपालटे करून बघतोय, कुठे खरचटलंय का! ती पाणी मागत होती. तिची भाषा वोलायता, अम्हारिक तिला जेमतेम कळायची. म्हणजे अदिसमध्ये दुभाषाने तिला विचारलं काय आणि आम्हाला सांगितलं काय, देव जाणे.

मग दातांच्या डॉक्टरांनी तिचं तोंड बघितलं आणि कागद बघितला. म्हणाल्या, सातव्या वर्षी समोरचे दात पडतात. हिच्या तर दुधाच्या दाढा पडून पक्क्या आल्यात, दहाच्या खालची नक्कीच नाही. एजन्सीला फोन केला तर उत्तर मिळालं, तिथलं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे असतं, त्यामुळे गोंधळ होतो. कॅलेंडर मागे असेल, दाढा कशा मागे राहतील?

वर्षभरात ती मराठी-इंग्रजीची खिचडी बोलायला लागली. एकदा मी आंबोळ्या घालत होते. तव्यावर जाळी पडलेली बघून ती म्हणाली, "माझी आई पण अशी मोठी करते." इंजेरा, म्हणजे तिथली आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी, दिसतोच तसा. पण मी अडकले ते 'करते'वर. 'करायची' नाही, 'करते'.

आम्ही आमच्या पैशांनी तिथला एक माणूस गावी पाठवला. आई जिवंत होती, दोन धाकटी भावंडंही होती. तिला सांगितलं होतं की मुलगी अमेरिकेत शिकेल आणि सुट्टीत घरी येईल. कागदावर अंगठा शाळेसाठी म्हणून घेतलेला. व्हिडिओत ती बाई त्या माणसाला विचारतेय, सुट्टी कधी लागते? आमचे पैसे बुडाले म्हणून रडायची लाज वाटली मला.

एजन्सीने नंतर फोन उचलणंच बंद केलं. तक्रार केली, पण हाती काही लागलं नाही. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंदच केलं. युगांडातही गावातल्या आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं नेली गेली, आणि त्यावरून अमेरिकेने २०२० मध्ये तिथल्या न्यायाधीशांवर निर्बंध घातले. म्हणजे देश बदलतो, थाप तीच.

परवा मंडळातल्या एका मैत्रिणीने असाच एक फोटो दाखवला, दुसऱ्या देशातला. मी तिला एवढंच सांगितलं: पैसे भरायच्या आधी मुलाची बोली जाणणारा, एजन्सीचा नसलेला माणूस शोध, आणि मुलालाच विचार, तुला इथे कोणी आणून सोडलं. मोठं मूल आहे, त्याला सगळं आठवतं. तिने फोटो पाकिटात ठेवला आणि विचार करते म्हणाली.