‘झालं’ या शब्दाला बंदी : रेडमाइन सात वर्षं वापरल्यावर

आमच्या ऑफिसात तिकिटावर, म्हणजे एकेका कामाच्या नोंदीवर, ‘झालं’ असं लिहायचं नाही, असा नियम आहे. नियम माझा, पण तो का हवा हे मला रेडमाइन वापरताना उमजलं.

नाशिकला गंगापूर रोडवर आमची दहा-बारा जणांची टीम आहे. पतसंस्था, द्राक्ष निर्यातदार, दोन शाळा, एक दवाखाना अशांसाठी आम्ही वेब ॲप्लिकेशन बनवतो आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळतो. २०१८पर्यंत हे सगळं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि एक्सेलच्या एका शीटवर चालायचं. त्या वर्षीच्या मार्चअखेरीला एका पतसंस्थेत मुदत ठेवींचं व्याज चुकीचं निघालं. दुरुस्ती आमच्या डेव्हलपरने आठ दिवस आधीच केली होती आणि ग्रुपवर ‘झालं’ म्हणून कळवलंही होतं. ते वाचून मी संस्थेच्या व्यवस्थापकांना ‘झालं’ म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात तो कोड त्याच्याच मशीनवर पडून होता. कुणी तपासला नव्हता, सर्व्हरवर चढवला नव्हता. मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याच्यापुरतं काम संपलं होतं. ३१ मार्चच्या रात्री साडेअकराला मी संस्थेत बसून होते आणि व्यवस्थापक आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर झालं म्हणाला होतात.”

एप्रिलमध्ये आम्ही रेडमाइन बसवलं.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी : प्रोजेक्टची कामं, बग (प्रोग्रॅममधल्या चुका), वेळ, कागदपत्रं एका जागी ठेवणारं हे वेब ॲप्लिकेशन आहे. ज्यां-फिलिप लँग यांनी ते २००६मध्ये रुबी ऑन रेल्स या वेब ॲप्लिकेशन बनवायच्या साच्यावर लिहायला घेतलं. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुलं आहे, म्हणजे पैसे नाहीत, माणसांच्या संख्येवर मर्यादा नाही आणि डेटा आपल्याच सर्व्हरवर राहतो. आम्हाला दोन जीबी मेमरीचा छोटा सर्व्हर आजही पुरतो. बसवताना ‘डीफॉल्ट कॉन्फिगरेशन’ लोड केलं की बग, फीचर आणि सपोर्ट हे तीन ट्रॅकर (तिकिटांचे प्रकार), मॅनेजर, डेव्हलपर आणि रिपोर्टर या तीन भूमिका आणि ‘न्यू’पासून ‘रिजेक्टेड’पर्यंत सहा स्टेटस (काम कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारी नावं) आयते मिळतात.

बहुतेक टीम इथेच थांबतात आणि मग ‘रेडमाइन म्हणजे नुसती यादी’ असं म्हणतात. खरं काम यापुढे आहे.

स्टेटसची नावं बदलता येतात. पहिले दोन महिने आम्ही इंग्रजी नावं वापरली आणि ‘रिझॉल्व्ड’ म्हणजे काय यावर रोज वाद घातला. डेव्हलपरला वाटे, कोड लिहिला की रिझॉल्व्ड. टेस्टिंग बघणाऱ्या मुलीला वाटे, तिने पाहिलं की. मला वाटे, क्लायंटचा फोन येणं थांबलं की. एका शनिवारी सगळ्यांना बसवलं आणि ऑफिसात आपण एकमेकांशी जे बोलतो तेच शब्द फळ्यावर लिहिले. तीच आमची स्टेटस झाली : ‘नवीन’, ‘हातात घेतलं’, ‘विचारलंय’, ‘तपासायला दिलं’, ‘तपासलं’, ‘चढवलं’, ‘क्लायंटने पाहिलं’, ‘बंद’. यात ‘झालं’ कुठेच नाही. प्रत्येक शब्दामागे कुणीतरी एक माणूस उभा आहे आणि त्याने नेमकं काय केलं ते कळतं.

नुसत्या नावांनी शिस्त लागली नसती. रेडमाइनमध्ये ‘वर्कफ्लो’ नावाचं एक पान आहे. दिसायला रुक्ष, चौकटींनी भरलेलं. एक भूमिका आणि एक ट्रॅकर निवडायचा. डावीकडे आत्ताचं स्टेटस, वर पुढचं, आणि मधल्या चौकटीत टिक केली तरच त्या भूमिकेच्या माणसाला ती उडी मारता येते. आमच्याकडे डेव्हलपर ‘तपासायला दिलं’पर्यंतच जाऊ शकतो, ‘तपासलं’ हा पर्याय त्याला दिसतच नाही. ‘चढवलं’ फक्त ज्या दोघांकडे सर्व्हरचा ताबा आहे त्यांना. ‘क्लायंटने पाहिलं’ मलाही करता येत नाही, ते क्लायंटच्याच लॉगिनमधून होतं. तीच मुलगी एका प्रोजेक्टमध्ये टेस्टर आणि दुसऱ्यात डेव्हलपर असू शकते, कारण भूमिका प्रोजेक्टनुसार देता येते. छोट्या टीमला हे फार उपयोगी पडतं, कारण आमच्याकडे एकेकाला दोन-तीन टोप्या घालाव्या लागतात.

सुरुवातीला मुलं वैतागली. “ताई, एका ओळीचा बदल आहे, मीच तपासून बंद करतो ना.” मी नाही म्हटलं. मध्ये महिनाभर तर या टिका काढून टाकाव्यात असं मलाही वाटू लागलं होतं. पण हळूहळू फोनवरचं बोलणं बदललं. “झालं का रे?” “हो, होतंय,” याच्या जागी “चढवलंस का?” “नाही, तपासायला दिलंय, ती आज सुट्टीवर आहे,” असं उत्तर यायला लागलं. या उत्तरावर मी काहीतरी करू शकते.

याच जातीचा दुसरा रोग म्हणजे ‘नव्वद टक्के’. प्रत्येक तिकिटावर किती टक्के काम झालं ते भरायची सोय असते आणि माणसाने स्वतः भरलं की ते तीन दिवसांत नव्वदवर जातं आणि तीन आठवडे तिथेच बसतं. सेटिंगमध्ये एक पर्याय आहे, टक्केवारी स्टेटसवरून काढण्याचा. तो लावा. आमच्याकडे ‘हातात घेतलं’ म्हणजे २० आणि ‘तपासायला दिलं’ म्हणजे ५०. होय, फक्त ५०. कोड लिहून होणं म्हणजे निम्मं काम, हे मला स्क्रीनवर दिसायला हवं होतं. ‘रोडमॅप’ पानावर पुढच्या रिलीजचं, म्हणजे क्लायंटला द्यायच्या आवृत्तीचं, किती काम झालं ते दाखवणारी पट्टी त्यामुळे खरं बोलायला लागली. द्राक्ष निर्यातदारांचं ॲप्लिकेशन हंगामाआधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत तयार लागतं. ऑक्टोबरमध्ये ती पट्टी पाहून काय गाळायचं हे आम्ही आता क्लायंटसोबत बसून ठरवतो.

वेळेची नोंद मी सगळ्यात उशिरा सुरू केली, आणि सगळ्यात जास्त पैसे तिनेच वाचवले. प्रत्येक तिकिटावर अंदाजे तास आणि लागलेले तास भरता येतात. लागलेला वेळ कुठल्या कामाचा, ते वर्गही आपले आपण ठरवायचे. मुलांना वाटलं, पाळत ठेवली जातेय. मी सांगितलं की हे आकडे पगाराशी कधी जोडणार नाही, आणि तो शब्द आजवर पाळलाय. सहा महिन्यांनी अहवाल काढला. एका पतसंस्थेच्या प्रोजेक्टमध्ये ‘जुना डेटा आणणे’ या वर्गाला आम्ही ४० तास धरले होते आणि लागले होते ११२. कारण शोधलं तर सभासदांची नावं जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. एक्सेलमध्ये ती नीट दिसतात. वेब ॲप्लिकेशनमध्ये आणली की अगम्य अक्षरांची रांग उरते. कन्व्हर्टरने बरंचसं सुटतं, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने बघावे लागतात, आणि सभासदाचं नाव पासबुकावर चुकलेलं कुणालाच चालत नाही. हे काम आम्ही वर्षानुवर्षं फुकट करत होतो. त्यानंतरच्या प्रत्येक कोटेशनमध्ये ती वेगळी ओळ आहे, तासांसकट.

क्लायंटला लॉगिन द्यावं का, यावर आमच्यात मतभेद होते. मी देते. पण एक धडा महागात मिळाला. एका तिकिटावर आमच्यातल्याच एकाने ‘यांना काय हवंय हे यांनाच माहीत नाही’ असं लिहिलं आणि ते क्लायंटने वाचलं. नोंद ‘प्रायव्हेट’ करायची टिक तिथेच होती, ती केली नव्हती. मी जाऊन माफी मागितली. त्यानंतर नियम असा केला की प्रायव्हेट नोंदीतसुद्धा समोरच्याने वाचलं तर लाज वाटेल असं काही लिहायचं नाही. प्रायव्हेट फक्त पासवर्ड-सर्व्हरच्या गोष्टींच्या चर्चेसाठी आणि आमच्या तासांच्या हिशेबासाठी. भूमिकेनुसार कुणाला कुठली तिकिटं दिसावीत हेही ठरवता येतं. लॉगिन देण्याआधी क्लायंटच्या भूमिकेचा एक खोटा युजर करून स्वतः आत जाऊन पाहा.

लॉगिन वापरायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी ईमेलची सोय आहे. तिकिटाची ईमेल जाते, तिला दिलेलं उत्तर त्याच तिकिटावर नोंद म्हणून येऊन बसतं. त्यासाठी मेलबॉक्स ठरावीक वेळाने वाचणारं काम सर्व्हरवर लावावं लागतं. मराठीत आलेल्या ईमेल व्यवस्थित येतात. एकदा मात्र एका सरांची उत्तरं येईनाशी झाली. शोधता शोधता कळलं की ते शेवटी हात जोडलेली इमोजी टाकतात. रेडमाइनचा डेटाबेस मायएसक्यूएलवर आहे आणि तो आम्ही अक्षरं साठवायच्या जुन्या ‘यूटीएफ-८’ प्रकारात बनवला होता. त्यात देवनागरी मावते, चार बाइटची इमोजी मावत नाही. ‘यूटीएफ-८ एमबी-४’ केल्यावर सुटलं. नव्याने बसवणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच तो निवडावा.

गिटशी, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाशी, जोडणी उपयोगी आहे, पण आयती नाही. रिपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) एक प्रत रेडमाइनच्याच सर्व्हरवर ठेवून ती सतत ताजी करावी लागते. एकदा ते जमलं की कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवतानाच्या, संदेशात ‘रेफ्स’ आणि तिकिटाचा नंबर लिहिला की तो बदल तिकिटावर दिसतो. दोन वर्षांपूर्वीची एखादी विचित्र अट कोडमध्ये का आहे, हे शोधायला मी या धाग्यावरून कित्येकदा त्या जुन्या तिकिटापर्यंत, तिथून क्लायंटच्या त्या वेळच्या ईमेलपर्यंत पोचले आहे. टीममधला माणूस सोडून गेल्यावर हेच उरतं.

आता जे खटकतं ते. दिसायला रेडमाइन जुनाट आहे. नव्याने नोकरीला लागलेली मुलं पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतात. कार्ड सरकवायचा बोर्ड मूळ रेडमाइनमध्ये नाही, त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, घ्यावं लागतं. गँट चार्ट, म्हणजे कामांच्या तारखा पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, फक्त बघायचा. त्यावर पट्टी ओढून तारीख बदलता येत नाही. आठवड्यातले सुट्टीचे वार सांगता येतात, पण सणांचं कॅलेंडर देता येत नाही. त्यामुळे एका तिकिटाची तारीख हलली की त्याच्या मागची तिकिटं आपोआप सरकतात ती थेट लक्ष्मीपूजनाच्या दिवसावर जाऊन बसतात. गणपती आणि दिवाळीच्या आधी मी दरवर्षी एक संध्याकाळ तारखा हाताने नीट करण्यात घालवते. ही सोय मूळ प्रणालीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

प्लगइनांबद्दल मी सावध झाले आहे. रेडमाइनच्या ३.४ आवृत्तीवर आम्ही चार लावली होती. २०२३मध्ये ५.०वर जायचं ठरवलं. मधल्या आवृत्त्यांमध्ये खालची रेल्सच बदलत गेली आहे, त्यामुळे दोन प्लगइन चालेनात आणि त्यातल्या एकाचं काम लिहिणाऱ्याने केव्हाच थांबवलं होतं. प्रत काढून वेगळ्या सर्व्हरवर आधी करून पाहिलं म्हणून निभावलं; तरी शनिवार-रविवार गेले. आता एकच प्लगइन आहे, बोर्डाचं. बाकीच्या गरजा कस्टम फील्डनी, म्हणजे तिकिटावर आपण वाढवलेल्या रकान्यांनी, भागतात.

कामांची कार्डं सरकवायचं ट्रेलो हे साधन आम्ही दोन महिने वापरलं होतं. तीन-चार जणांची टीम असेल, एकच प्रोजेक्ट असेल आणि क्लायंट शेजारी बसत असेल तर मी ट्रेलोच सुचवेन. पहिल्या तासात कळतं. रेडमाइनसारख्याच कामाच्या जिराचा मोफत प्लॅन दहा माणसांपर्यंत आहे, आणि क्लायंटची लॉगिन धरली की आम्ही त्याच्या बाहेर जातो. ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारं कुणीच नाही त्यांनी रेडमाइनच्या वाटेला जाऊ नये. महिन्यातून तीन-चार तास त्याला द्यावेच लागतात. एकाच वेळी पाच-सात ॲप्लिकेशन जिवंत ठेवणाऱ्या, माणसं येत-जात राहणाऱ्या टीमला मात्र मी ते बिनदिक्कत सुचवते. माझे गुण : पाचपैकी चार.

बसवणार असाल तर पहिल्या आठवड्यात एकही खरं तिकीट टाकू नका. आधी सगळ्यांना बसवून स्टेटसचे शब्द ठरवा, मग वर्कफ्लोच्या टिका करा, मग टक्केवारीचं सेटिंग बदला. आणि बॅकअप घेताना नुसता डेटाबेस नको, ‘फाइल्स’ नावाचं फोल्डरही घ्या. क्लायंटने जोडलेले स्क्रीनशॉट आणि सही केलेले कागद त्यातच असतात.