तांब्याचे पैसे घेतले, ॲल्युमिनियम टाकून गेला

चार हजार सातशे तीस, आणि वर अठराशे पन्नास. एकूण 6,580 रुपये. कशाचे, तर हेडफोनची आणि स्पीकरची वायर लांबवण्याचे! ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या आणि मग पुढचं नीट वाचा. हे पैसे उकळणारा इसम अजून गोव्यात फोंडा-डिचोलीच्या बाजूला फिरतोय.

मी माशेलला हार्मोनियमचे वर्ग घेतो. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मुलं बाहेर वसरीवर. त्यामुळे स्पीकर बाहेर हवे होते. परदेशातली दोन-तीन मुलं ऑनलाइन शिकतात, त्यांच्यासाठी माइकवाला हेडसेट पेटीपर्यंत पोचायला हवा होता. एवढंच काम. चतुर्थी तोंडावर आलेली, दुकानं पालथी घालायला सवड कुणाला? भजनातल्या एका ओळखीच्या माणसाने नंबर दिला, 'सप्ताहात साउंड लावतो, हुशार आहे'. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 'मास्तर, तुमच्याकडून काय जास्त घेणार', 'बिल मागाहून व्हॉट्सॲपवर टाकतो', आणि पैसे मात्र जागच्या जागी.

त्याचा हिशेब असा. 'प्युअर कॉपर' केबल 12 मीटर, 190 रुपये मीटरने 2,280. 'गोल्ड प्लेटेड' जॅक दोन, 700. हेडसेटला पाच मीटरची तयार एक्स्टेन्शन, 1,150. मजुरी 600.

केबल त्याने वाव घालून, हातांनी मोजली. मी टेप आणायला उठलो तर म्हणाला, 'कांयच प्रॉब्लेम ना मास्तर, माझा हात टेपच आहे.' नंतर मोजली तर दहा मीटर तीस सेंटिमीटर.

पण खरा क्षण तो नव्हता. खरा क्षण जॅक जोडताना आला, आणि तो मी अजून रात्री आठवून दात खातो. त्याने ब्लेडने तार खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरी तार चमकली. सोल्डरचा (तार जोडायच्या वितळलेल्या धातूचा) डाग बसेना. सोल्डरचा गोळा तारेवरून घरंगळून टेबलावर पडायचा, परत पडायचा. मी विचारलं, ही पांढरी कशी? त्याचं उत्तर तयार: 'टिन्ड कॉपर आहे, समुद्राच्या हवेत तांबं हिरवं पडतं म्हणून.' आता सांगा, यात संशय घ्यायचा कसा? कल्हई केलेली तांब्याची तार बोटींमध्ये वापरतात हे मी ऐकून होतो. गोव्यात राहून हे खोटं कोण मानेल? फक्त टिन्ड तार बाहेरून पांढरी आणि आतून तांबडी असते. ही उलटी होती: बाहेरून तांबडी, आतून पांढरी. म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तार खरवडून बघा, एवढं पुरे. चुंबकाच्या भरवशावर राहू नका, तांब्यासारखंच ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही.

हेडसेटची गंमत वेगळीच. माझ्या हेडसेटच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आहेत, कारण माइकचा वेगळा संपर्क असतो. त्याने दिलेल्या एक्स्टेन्शनवर दोनच. म्हणजे माइक मेलाच. शिवाय अभंग लावला तर गाणाऱ्याचा आवाजच गायब! टाळ ऐकू येतात, कुठेतरी मागे पेटी घुमते, बुवा नाहीत. फोन केला तर म्हणाला, 'ते सराउंड आहे.' खरं कारण ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही कानांच्या सामाईक तारेचा, संपर्क नीट लागत नव्हता. तो तुटला की दोन्ही कानांत सारखा असलेला आवाज एकमेकाला मारतो, आणि मधोमध असतो तो गायकाचा आवाज. पिनेवरच्या रेघा मोजून तेवढ्याच रेघांची एक्स्टेन्शन घ्या. डेस्कटॉपला हेडफोनचं हिरवं आणि माइकचं गुलाबी भोक वेगळं असेल तर कॉम्प्युटरच्या टोकाला स्प्लिटर, म्हणजे एका पिनेच्या दोन पिना करणारा जोड, लागतो.

स्पीकर सतत गुणगुणत होते. केबलला बाहेरची गुणगुण अडवणारी शील्डची जाळी नाही, आणि ती त्याने लाइटच्या वायरीला बांधूनच नेलेली. त्यावर उपाय म्हणून त्याने 1,850 रुपयांचा 'नॉइज फिल्टर' विकला. गुणगुण तशीच. मागाहून मी डबी उघडली: आत जाणारी तार सरळ बाहेर आलेली, आणि वजनासाठी सिमेंटचा गोळा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असायला हवे होते. अशी खरी डबी, तिला आयसोलेटर म्हणतात, चार-पाचशेत मिळते.

आता तक्रारीचं ऐका. एका हेल्पलाइनवर बिल अपलोड करा म्हणाले. बिल नाही म्हटल्यावर 'मग तक्रार पुढे जात नाही'. पोलिसांकडे, 'मास्तर, हे सिव्हिल मॅटर.' यूपीआयची नोंद दाखवली, पैसे कुणा बाईच्या नावावर गेलेले, तर म्हणे त्या बाईंनी तुम्हाला काय विकलं? दुसऱ्या एका कचेरीत गेलो. कमी मापून विकणं हा वैध मापन कायदा 2009 प्रमाणे गुन्हा आहे, तयार पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे, माझ्या एक्स्टेन्शनच्या पाकिटावर यातलं एकही नाही. त्यावर साहेब टेबलावरून मान वर न करता, 'दुकान दाखवा, तपासणी करतो.' अहो, दुकान असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांत दावा करता येतो, हे सगळं वाचून अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, 'नोटीस कुठे पाठवायची, व्हॉट्सॲपवर?' आणि शेजारचा हसला. माझ्या करातून पगार घेणारे लोक हे.

बिल हातात पडल्याशिवाय यूपीआय करू नका, आणि ज्याने काम केलं त्याच्याच नावावर पैसे जातायत का ते स्क्रीनवर वाचा. ऑडिओची वायर लाइटच्या वायरीपासून लांब न्या, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. यूएसबी हेडसेट असेल तर साधी यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे नेऊ नका.

त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. परवा कळलं, डिचोलीजवळच्या साखळीला एका मंडळाच्या मंडपात साउंड लावणार आहे. मंडळातल्या कुणी हे वाचलं तर मला फोन करा, सिमेंटची डबी मी स्वतः घेऊन येतो.