शेवरोलेच्या सोनेरी लोगोची युनायटेड जर्सी: काही महिने वापरून झाल्यावर

मँचेस्टर युनायटेडची २०१५-१६ ची लाल होम जर्सी या उन्हाळ्यात वापरलेली घेतली. नवी घ्यायची तर आता छातीवर स्नॅपड्रॅगनची जाहिरात असलेली मिळते, पण मला हीच हवी होती. १९९२ नंतर आदिदास युनायटेडकडे परत आलं तो हा पहिला मोसम. रॅशफर्ड या खेळाडूचं पदार्पण त्याच मोसमातलं, शेवटी एफए कपही मिळाला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि फर्स्ट कॉपीवर भागवलं होतं.

कापडाचं थोडक्यात सांगतो. हलकं आहे, घाम धरून ठेवत नाही, पावसाळ्यातही दोरीवर रात्रभरात वाळतं. उलटी करून गार पाण्यात धुवायची आणि लोगोवर इस्त्री फिरवायची नाही, एवढं पाळलं तर छपाईला काही होत नाही. रबरी छपाईमागे छातीला हवा लागत नाही, पण तसं सगळ्याच जर्सींचं असतं.

खरा विषय लोगोचा. म्हणजे लोगोच्या रंगाचा.

युनायटेडच्या लाल शर्टावर १९८२ मध्ये शार्प आलं, मग व्होडाफोन, एआयजी, एऑन. कंपन्या बदलल्या, पण लाल कापडावर अक्षरं पांढरीच राहिली. त्यामुळे पांढरा लोगो, पाठीवरचा पांढरा नंबर आणि खाली पांढरी शॉर्ट्स एकाच कुटुंबातली वाटायची. २०१४ पासून शेवरोले ही गाड्यांची कंपनी आली ती बो-टायच्या आकाराचं स्वतःचं सोनेरी चिन्ह घेऊन. खाली नाव पांढऱ्यात, वर चिन्ह सोनेरी. लाल शर्टाच्या मधोमध ते आडवं सोनेरी बघून आमच्या मॅच बघणाऱ्या टोळीत पहिल्याच दिवशी नाव पडलं: हळदीकुंकू जर्सी. नाव ठेवणारा अर्थातच आर्सेनल या विरोधी क्लबवाला.

बाजू घेणारेही होते, अजून आहेत. त्यांचं म्हणणं, क्लबच्या चिन्हातच पिवळा आहे, मग बिघडलं कुठे? मलाही आधी हा मुद्दा बिनतोड वाटायचा. जर्सी हातात आल्यावर दोन्ही पिवळे शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहिले. क्लबच्या चिन्हातला पिवळा स्वच्छ, उघडा आहे. लोगोचा सोनेरी थोडा तपकिरीकडे झुकलेला, थोडा मळकट. टीव्हीवर हा फरक कळत नाही, अंगावर कळतो. शिवाय चिन्ह छातीच्या एका कोपऱ्यात, आणि लोगो छातीभर.

दुसरा युक्तिवाद न्यूटन हीथचा, म्हणजे युनायटेडच्या जुन्या नावाचा. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या मूळ क्लबचे रंग म्हणून हिरवा-सोनेरी ओळखला जातो, तेव्हा सोनेरी आपलाच, असं म्हणतात. पण २०१० मध्ये स्टेडियमभर जे हिरवे-सोनेरी स्कार्फ दिसले, ते ग्लेझर मालकांच्या निषेधाचे होते. मिलानकडून खेळायला आलेल्या बेकहमनेही मॅच संपल्यावर एक गळ्यात घातला होता. त्याच मालकांनी सात मोसमांसाठी सुमारे ५६ कोटी डॉलरला जो लोगो छातीवर घेतला, त्याच्या सोनेरीला परंपरा म्हणायचं? मला नाही पटत.

मात्र आपल्याकडे हा लोगो घालून बाहेर पडलं की वादच बदलतो. पुणे-पिंपरीकडे सोनेरी बो-टाय म्हणजे शेवरोलेची टवेरा! अष्टविनायकाला नेणारी, डिकीत बॅगा आणि मागच्या सीटवर चार पोरं कोंबलेली टवेरा. फुटबॉलचा गंध नसलेल्या माणसालाही या शर्टावर काहीतरी ओळखीचं दिसतं. आमच्या आत्याने विचारलं, "गाडी कधी घेतलीस रे? का नुसता शर्टच दिला त्यांनी?" पेट्रोल पंपावरच्या पोराने मला शोरूमचा माणूस समजून शेवरोलेच्या बीट गाडीचे पार्ट आता कुठे मिळतात ते विचारलं. पांढऱ्या अक्षरांच्या एऑनवाल्या जर्सीत असं कधीच झालं नव्हतं. तिच्याकडे बघून लोक म्हणायचे, मँचेस्टर. हिच्याकडे बघून म्हणतात, शेवरोले. रंगाबद्दलची माझी तक्रार एवढीच आहे.

गंमत म्हणजे हा लोगो छातीवर यायच्या आधीच शेवरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने युरोपच्या बहुतेक बाजारांतून शेवरोले काढून घ्यायचं जाहीर केलं होतं. २०१७ च्या शेवटी भारतातली विक्रीही थांबली. तळेगावच्या कारखान्यात निर्यातीच्या गाड्या बनत राहिल्या, तेही २०२० च्या डिसेंबरात संपलं. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. लोगो मात्र २०२१ पर्यंत रॅशफर्ड-मार्शलच्या छातीवर होताच. म्हणजे शेवटची काही वर्षं ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडच्या मैदानावर, ज्या गाडीची जाहिरात चालली होती, ती ना तिथल्या प्रेक्षकाला नवी घेता येत होती, ना रात्री जागून मॅच बघणाऱ्या आपल्याला.

टर्फवर आमच्याबरोबर खेळणारा एक दादा तळेगावच्या प्लँटमध्ये होता. तो या लोगोला नावं ठेवू देत नाही. हळदीकुंकूचा विषय निघाला की म्हणतो, "रंग बरोबर आहे रे, तुमची जर्सीच चुकीची आहे." त्याच्यापुढे मी वाद घालत नाही. एकदा त्याने मागून घेऊन एक पूर्ण मॅच घातली आणि न धुता परत दिली, ते वेगळं.

तर घ्यावी का? मोसमाच्या आठवणींसाठी घेत असाल तर जरूर. रोज वापरायला, जीन्सवर घालायला हवी असेल तर एऑन किंवा शार्पची शोधा. ती कशावरही जाते. या सोनेरीखाली मला काळी ट्रॅक पँटच बरी वाटते, निळ्या जीन्सवर तर तीन रंगांची भांडणं होतात.

जुनी घेताना विकणाऱ्याकडून लोगोचा फोटो उन्हात काढून मागवा, ट्यूबलाइटखालचा नको. फर्स्ट कॉपीत हमखास चुकतो तो हाच रंग. बहुतेक वेळा लिंबासारखा पिवळाधमक असतो आणि क्लबच्या चिन्हाशी छान जुळतो. इतका छान जुळला तर घेऊ नका. आणि पोट सुटलेलं असेल तर एक साइज मोठी मागवा, कट अंगाबरोबर आहे.