अँटलरचा टोकनस्ट्रीमरीरायटर: बरेच महिने रोज वापरल्यावरचा अनुभव

ओरॅकल डेटाबेसमधला जुना पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची प्रोग्रॅमिंग भाषा) कोड पोस्टग्रेस या डेटाबेसवर न्यायचं काम आमच्याकडे चालू आहे, प्रोसिजर, पॅकेज, ट्रिगर सगळंच, आणि त्यासाठी जो कन्व्हर्टर लिहिलाय त्याचा कणा म्हणजे अँटलर ४ (ग्रामर म्हणजे भाषेचे नियम दिले की ती भाषा वाचणारा पार्सर बनवून देणारं साधन) मधला टोकनस्ट्रीमरीरायटर, पुढे नुसता रीरायटर, हा वाचलेल्या कोडमध्ये बदल करून देणारा क्लास. अँटलरवर लिहिलेलं भरपूर सापडतं पण या क्लासबद्दल बहुतेक ठिकाणी दोन ओळींचं उदाहरण देऊन पुढे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, मला हा प्रचंड आवडलाय, आणि त्याचं कारण एकच आहे: ज्या कोडला आपण हात लावला नाही तो कोड अक्षर न् अक्षर तसाच बाहेर येतो.

याचं महत्त्व जुना कोड हाताळलेल्यालाच कळेल. पार्स ट्रीवरून (पार्सरने बनवलेलं कोडच्या रचनेचं झाड) कोड परत छापणारा प्रिंटर लिहायचा हा दुसरा मार्ग आहे, पण त्यात स्पेस, इंडेंटेशन, कॉमेंट्स सगळं नव्याने ठरवावं लागतं आणि काही ना काही हरवतंच. आमच्या कोडमध्ये कॉमेंट्स म्हणजे अर्धं डॉक्युमेंटेशन आहे, काही इंग्रजीत, काही चक्क मराठीत, "ही अट काढू नये, मार्चएंडला लागते" अशा. त्या गेल्या तर तो नियम का आहे हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. रीरायटर वापरला की दोन हजार ओळींच्या पॅकेजच्या डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत) फक्त बदललेल्या जागा दिसतात, आणि मग रिव्ह्यू करणारा माणूस खरंच वाचतो, नुसतं अप्रूव्ह दाबत नाही.

आत चालतं कसं, तर मूळ टोकन स्ट्रीमला, म्हणजे कोडमधले शब्द-चिन्हं असे सुटे तुकडे (टोकनं) ओळीने लावलेल्या यादीला, तो हातच लावत नाही. इन्सर्टबिफोर, इन्सर्टआफ्टर, रिप्लेस, डिलीट असं काहीही म्हटलं की ती सूचना एका यादीत जाऊन पडते, बस. गेटटेक्स्ट (तयार मजकूर दे) म्हणाल तेव्हा मूळ टोकनांवरून डावीकडून उजवीकडे जाताना त्या सूचना लागू होतात. प्रूफरीडर छापील पानावर खुणा करतो आणि पान तसंच राहतं, तसं. त्यामुळे टोकनांचे इंडेक्स कधी हलत नाहीत. स्ट्रिंगमध्ये थेट बदल करणाऱ्यांना माहितीये, वर चार अक्षरं वाढली की खालचे सगळे ऑफसेट बोंबलतात, ती कटकट इथे अजिबात नाही.

पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा, तुमचं ग्रामर व्हाइटस्पेस आणि कॉमेंट्सचं काय करतं. लेक्सरच्या (कोडची टोकनं पाडणारा भाग) नियमात स्किप लिहिलं असेल तर ती टोकनं स्ट्रीममध्ये येतच नाहीत, आणि गेटटेक्स्टने सिलेक्ट, कॉलम, फ्रॉम सगळं एकमेकांना चिकटून बाहेर येतं. स्किपच्या जागी चॅनल हिडन पाहिजे, मग पार्सरला ती दिसत नाहीत पण स्ट्रीममध्ये राहतात. तसंच लेक्सरला एखादं अक्षर ओळखता आलं नाही तर तो कन्सोलवर एरर लिहितो आणि ते अक्षर सोडून पुढे जातो, म्हणजे आउटपुटमधून ते अक्षर गायब! यावर उपाय म्हणजे लेक्सरच्या अगदी शेवटी कुठलंही एक अक्षर पकडणारा नियम टाकायचा आणि तोही हिडन चॅनलवर पाठवायचा. आणि सगळ्यात पहिली टेस्ट ही लिहायची की एकही बदल न करता गेटटेक्स्ट घेतला तर तो इनपुटशी तंतोतंत जुळला पाहिजे, सगळ्या फाइल्सवर. ही टेस्ट हिरवी होईपर्यंत बाकी काही लिहूच नका.

पार्सरने सिंटॅक्स एरर दिला असेल तर ती फाइल आम्ही बाजूलाच ठेवतो. एरर रिकव्हरीत पार्सर कधीकधी नसलेलं टोकन कल्पून ट्रीमध्ये घालतो, त्याचा इंडेक्स उणे एक असतो, आणि अशा टोकनाच्या आजूबाजूला बदल करायला गेलं की काहीही होऊ शकतं.

आता खरी मजा, डीकोड, म्हणजे किंमत जुळेल तसा निकाल निवडणारं ओरॅकलचं फंक्शन, त्याच्या जागी आम्ही केस लिहितो. एनव्हीएलचं (नल, म्हणजे किंमतच नसेल, तर पर्यायी किंमत देणारं ओरॅकलचं फंक्शन) कोअलेस करणं सोपं आहे, एक टोकन बदललं की झालं. पण डीकोडचं केस करायचं म्हणजे आख्खी रचना बदलते, आणि डीकोडच्या आत डीकोड, त्याच्या आत एनव्हीएल असं आमच्याकडे सर्रास आहे. पहिला विचार असा येतो की पूर्ण एक्स्प्रेशनची रेंज उचलायची आणि नवीन टेक्स्टने रिप्लेस करायची. पण बाहेरच्या डीकोडची रेंज आधी रिप्लेस केली आणि नंतर आतल्याला हात लावला तर रीरायटर इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन टाकतो, कारण आधीच्या रिप्लेसच्या पोटात नवीन रिप्लेस चालत नाही. उलट क्रमाने, म्हणजे आतलं आधी आणि बाहेरचं नंतर केलं तर चालतं, पण तेव्हा आतला बदल यादीतून टाकून दिला जातो आणि बाहेरचंच टेक्स्ट राहतं, म्हणून बाहेरचं टेक्स्ट बनवताना आतल्या भागाचा बदललेला मजकूर रीरायटरकडूनच त्या इंटरव्हलचा (टोकनांच्या तेवढ्या पट्ट्याचा) गेटटेक्स्ट करून घ्यावा लागतो. कॉन्टेक्स्टवरचा (पार्स ट्रीमधल्या नोडवरचा) गेटटेक्स्ट इथे कामाचा नाही, तो मूळच मजकूर देतो आणि तोही हिडन टोकनं वगळून, सगळं चिकटलेलं.

पण याहून कितीतरी छान मार्ग आहे. रेंज रिप्लेस करायचीच नाही, फक्त सांधे बदलायचे! डीकोड या टोकनाच्या जागी केस, कंसाच्या जागी स्पेस, पहिल्या स्वल्पविरामाच्या जागी व्हेन, दुसऱ्याच्या जागी देन, मग परत व्हेन, परत देन, शेवटी एकटं आर्ग्युमेंट उरलं तर त्याच्या आधी एल्स, आणि बंद कंसाच्या जागी एंड. प्रत्येक बदल एका टोकनाचा, कुठलीच रेंज दुसरीवर चढत नाही, आत कितीही डीकोड असू देत सगळे आपापले बदलतात आणि मधल्या कॉमेंट्ससुद्धा जागच्या जागी राहतात. हे जमलं त्या दिवशी कन्व्हर्टरमधला निम्मा कोड उडवला, फार समाधान वाटलं. एकच लक्षात ठेवा, डीकोड दोन नल समान धरतो आणि साधा केस धरत नाही, त्यामुळे जिथे नल येऊ शकतो तिथे इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम लावून तुलना लिहावी लागते, आणि त्यासाठी पहिल्या आर्ग्युमेंटचा मजकूर मात्र वरच्या पद्धतीने काढावाच लागतो.

इन्सर्टचा क्रम हाही समजून घ्यायला हवा. एकाच टोकनावर दोनदा इन्सर्टबिफोर केलं तर नंतरचा मजकूर आधी येतो, आणि इन्सर्टआफ्टरमध्ये आधीचा आधी, नंतरचा नंतर. वाचताना विचित्र वाटेल पण लिसनरच्या (ट्रीवर फिरताना नोडमध्ये शिरलं की एंटर आणि बाहेर पडलं की एक्झिट मेथड चालते तो क्लास) एक्झिट मेथडमध्ये काम केलं तर हे बरोबर बसतं, आतला नोड आधी बंद होतो, बाहेरचा नंतर, म्हणजे उघडणारी बाहेरची गोष्ट आतल्याच्या डावीकडे जाते आणि बंद होणारी उजवीकडे. एंटर मेथडमध्ये तेच केलं तर नेस्टिंग उलटं होतं. म्हणून आमचा नियमच आहे, बदल फक्त एक्झिटमध्ये.

फ्रॉम ड्युअल (ओरॅकलचं नावापुरतं टेबल, पोस्टग्रेसला लागत नाही) उडवणं हे दिसायला किरकोळ काम, पण मागे रिकामी जागा लोंबकळत राहते. डावीकडची हिडन टोकनं मागणारी मेथड टोकन स्ट्रीमवर आहे, ती घेऊन नुसती व्हाइटस्पेस असेल तरच उडवायची, कॉमेंट असेल तर सोडायची. हीच मेथड ऑप्टिमायझर हिंट (क्वेरी कशी चालवावी याचा डेटाबेसला दिलेला इशारा) शोधायला पण कामी येते, कारण ओरॅकलच्या हिंट्स म्हणजे अधिक चिन्हाने सुरू होणाऱ्या कॉमेंट्सच.

त्रास कुठे होतो तेही सांगतो. एक म्हणजे, ओव्हरलॅपचा एरर रिप्लेस म्हणताना येत नाही, गेटटेक्स्टच्या वेळी येतो, त्यामुळे स्टॅक ट्रेसवरून कुठल्या नियमाने तो बदल मागितला ते कळायला मार्ग नाही. आम्ही रीरायटरभोवती एक पातळ क्लास गुंडाळलाय जो प्रत्येक सूचनेबरोबर नियमाचं नाव आणि ओळ नोंदवतो, हे पहिल्या आठवड्यातच करून टाका. दुसरं म्हणजे वेग. गेटटेक्स्ट म्हटलं की प्रत्येक सूचना तिच्या आधीच्या सूचनांशी ताडून बघितली जाते, म्हणजे सूचना दुप्पट झाल्या की काम साधारण चौपट, आणि हे प्रत्येक गेटटेक्स्टला नव्याने. मोठ्या पॅकेजमध्ये प्रत्येक नोडवर इंटरव्हलचा गेटटेक्स्ट मागत बसलात तर चहा पिऊन याल तरी संपणार नाही. सांधे बदलायच्या पद्धतीचा इथेही फायदा, शेवटी एकदाच मागायचा.

एकाच रीरायटरमध्ये वेगवेगळ्या नावाने सूचनांच्या याद्या ठेवता येतात हे मात्र फार लोक वापरताना दिसत नाहीत. आम्ही एका यादीत खरं रूपांतर ठेवतो आणि दुसरीत मूळ ओरॅकल कोडवर नुसत्या "इथे हाताने बघा" अशा कॉमेंट्स, पार्स एकदाच, आउटपुट दोन. डेटाबेसवाल्यांना ती दुसरी फाइल जास्त आवडते. पायथनमध्ये पण हा क्लास आहे, फक्त मेथडची नावं वेगळी आहेत, रिप्लेसच्या जागी रिप्लेसरेंज, रिप्लेससिंगलटोकन वगैरे, त्यामुळे जावाचं उदाहरण जसंच्या तसं चिकटवू नका. आणि ४.१० पासून ग्रामरमध्येच केस इन्सेन्सिटिव्ह (लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणारा) ऑप्शन आलाय, तो वापरला की मूळ कोडमधली लहान-मोठी अक्षरं पण तशीच राहतात.

बदल केल्यावर पार्स ट्री मात्र जुनीच राहते, रीरायटर तिला काही कळवत नाही. म्हणून एका पायरीच्या निकालावर दुसरी पायरी चालवायची असेल तर आउटपुट परत लेक्स करून परत पार्स करतो, आणि ओरॅकल ग्रामर त्या अर्धवट पोस्टग्रेस कोडवर अडकू नये म्हणून पायऱ्यांचा क्रम विचार करून लावावा लागतो. ओरॅकलचं जुनं अधिक चिन्हवालं आउटर जॉइन (दोन टेबलं जोडताना जोडी नसलेल्या ओळीही ठेवणारं) यात अजून बसवलेलं नाही, कारण तिथे अट व्हेअरमधून उचलून फ्रॉममध्ये न्यायची असते आणि तिच्या शेजारची कॉमेंट अटीची आहे की पुढच्या ओळीची हे टोकनांकडे बघून ठरत नाही. तिथे आम्ही फक्त खूण घालतो आणि ते जॉइन माणूसच बसून लिहितो.