विज्ञान प्रदर्शनासाठी कोणता बाण घ्यावा: रोमन, विमानातला की रणगाड्याचा?

तालुका विज्ञान प्रदर्शनात बाणाचं तंत्र मांडायचं असेल, तर खानदेशातल्या शाळेला फार शोधावं लागत नाही. सातपुड्यातल्या भिल्लांचा तीर बघा. पुढे लोखंडी पातं, मागे पिसं. वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे, म्हणून टोक पुढेच राहतं. सैन्यांनी याच तत्त्वावर धनुष्याशिवायचे बाणही केले. त्यातल्या तिघांत निवड करायची आहे.

पहिला रोमन प्लुम्बाटा. हाताने फेकायचा आखूड बाण, पात्यामागे शिशाचा गोळा. रोमन लेखक वेगेटियसने लिहून ठेवलंय की सैनिक असे पाच बाण ढालीत खोचून नेत आणि शत्रू भाल्याच्या टप्प्यात येण्याआधीच मारा सुरू करत. पायदळाला तिरंदाजाचं काम जमू लागलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा पहिल्या महायुद्धातला. 1914 मध्ये फ्रेंच वैमानिक साधारण 12 सेंटिमीटरचे पोलादी बाण पेटीतून खाली ओतत. ना बंदूक, ना दारू. सगळा वेग गुरुत्वाकर्षणाचा. नेम मात्र लागत नसे, आणि बॉम्ब सुधारल्यावर हे मागे पडले. याचं मॉडेल करू नका, तक्ता पुरे. खाली कोण उभं आहे हे न बघता पडणारं शस्त्र मुलांच्या हाती कौतुकाने द्यावंसं मला वाटत नाही.

तिसरा रणगाड्याचा. टंगस्टन मिश्रधातूची लांब, बारीक कांब, मागे पंख. तोफेच्या नळीत ती सैल बसेल म्हणून भोवती हलकं कवच असतं. तोंडाबाहेर पडताच ते सुटून गळतं. वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर. स्फोटकाशिवाय, नुसत्या गतीच्या जोरावर ही कांब चिलखत भेदते. इतकी लांबट कांब फिरकीने स्थिर राहत नाही, म्हणून पंख. आपल्या अर्जुन रणगाड्याची तोफ आटेदार आहे, म्हणजे नळीत आतून गोळ्याला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा आहेत, त्यामुळे तिथे बाणाला फिरकी कमी लागावी म्हणून सरकतं कडं बसवावं लागतं. अकरावी-बारावीला गतिज ऊर्जा शिकवायला यासारखं उदाहरण नाही, पण ते कागदावरच राहतं.

सातवी-आठवीसाठी माझं मत प्लुम्बाटाला. बांबूची काडी, पुढे एम-सीलचा गोळा, मागे पुठ्ठ्याचे पंख. आधी बोटावर तोलून तोल कुठे साधतो ते दाखवा. मग गोळा मधोमध असलेली, बिनपंखांची दुसरी काडी फेका. ती हवेत कोलांट्या घेते. परीक्षकांना फरक लगेच कळतो. शिसं विषारी, ते वापरू नका. टोक बोथट ठेवा आणि समोर कुणी नसताना फेका.