ओसाड उद्यानात उभी शेती: मनोरे घ्यावेत, पिशव्या भराव्यात की रानकोपरा सोडावा?

आमच्याकडे हे सगळं एका व्हिडिओवरून सुरू झालं. भांडुपच्या आमच्या वसाहतीमागे महापालिकेचं एक लहानसं उद्यान आहे. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, कारंजं कोरडं, कंपाउंडच्या कडेने कुणी कुणी रात्री आणून टाकलेलं डेब्रिज. बैठकीत एका काकांनी फोन फिरवला. त्यात पांढऱ्या प्लास्टिकचे उंच मनोरे होते, छिद्राछिद्रांतून लेट्यूस डोकावत होतं आणि मातीचा कण नव्हता. उभी शेती ती हीच: थोड्या जागेत रोपं एकावर एक रचून वाढवायची. "आपल्याकडे हेच करू, मुलांना शिकायलाही होईल," काका म्हणाले. समोरच्या इमारतीतल्या मावशींनी विचारलं, "आणि मे महिन्यात सगळे गावाला गेल्यावर?"

दोन वर्षं झाली त्याला. मनोरेही लावून पाहिले, मातीच्या पिशव्याही, आणि एक कोपरा नुसता सोडूनही दिला. तुमच्या गल्लीत अशीच चर्चा चालू असेल तर हा आढावा उपयोगी पडेल. माझा कल लपवत नाही: सार्वजनिक उद्यानासाठी मी मातीच्या बाजूचा आहे. पण मनोरे मोडीत काढावेत असंही मला वाटत नाही. त्यांची जागा वेगळी आहे.

आधी ऊन बघा

मुंबईतल्या जुन्या उद्यानांत पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, गुलमोहर भरपूर. सावली छान, पण भाजीला ती नकोच. पालेभाजीला रोज चार-पाच तास थेट ऊन हवं, वांगी-मिरचीला त्याहून जास्त. एखाद्या रविवारी सकाळी आठपासून दर तासाला एकाच जागेचा फोटो काढा. हे डिसेंबरात केलं तर उत्तम, कारण मुंबईत भाजीचा खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीला दिवसभर ऊन मिळतं. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्याच भिंतीचा हिशेब बदलतो. आमच्याकडे उन्हाची जागा निघाली ती अख्ख्या उद्यानाचा जेमतेम पाचवा हिस्सा. ऊन नाही म्हणून फांद्या तोडायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि भाजीसाठी झाड छाटणं हे पर्यावरण शिक्षणाचं भलतंच उदाहरण होईल.

मनोरे

मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर रोपं वाढवायच्या या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. खाली टाकी, आत छोटा पंप, पंप पोषकद्रव्यं मिसळलेलं पाणी वर चढवतो आणि ते मुळांवरून झिरपत परत टाकीत येतं. पोषकद्रव्यं दोन वेगळ्या बाटल्यांत येतात. कॅल्शियमचं द्रावण आणि फॉस्फेट-सल्फेटचं द्रावण दाट असताना एकत्र केलं तर साका धरतो, म्हणून. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवावा लागतो. सातवी-आठवीच्या मुलांना हे मोजायला फार आवडतं. विज्ञान म्हणून मनोऱ्याला तोड नाही, हे मान्यच.

पाण्याची गंमत पाहा. भातसा, तानसा, वैतरणेचं जे पाणी आपल्या नळाला येतं ते मऊ, क्षार कमी असलेलं, हायड्रोपोनिक्सला अगदी योग्य. पण उद्यानाला पिण्याचं पाणी वापरायचं नाही. तिथे विहीर, बोअरवेल नाहीतर टँकर. खाडीच्या जवळ बोअरचं पाणी मचूळ लागतं, आणि त्यात पोषकद्रव्यं मिसळली की क्षारांचं गणित कोलमडतं. मनोऱ्यांची ऑर्डर द्यायच्या आधी उद्यानातल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती, ते मोजून घ्या. साधं मीटर ऑनलाइन मिळतं.

वीज फार नाही. 40 वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला साधारण 29 युनिट. अडचण बिलाची नाही, खंडाची आहे. आमच्या उद्यानात एका शनिवारी रात्री फ्यूज गेला, रविवारी कुणी फिरकलं नाही, आणि सोमवारी सकाळी दोन मनोऱ्यांतली रोपं माना टाकून होती. मातीत ओल राहते, पाणी एक दिवस चुकलं तरी झाड वाट बघतं. मनोऱ्यात मुळांशी साठा काहीच नसतो, उन्हाळ्यात काही तासांत खेळ आटोपतो. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "इन्व्हर्टर लावा." हे त्याने विकताना सांगितलं नव्हतं.

मग पाऊस. जून ते सप्टेंबर सांताक्रूझला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या टाकीत तो शिरला की द्रावण पातळ. छप्पर घालावं तर उद्यानात शेड आली, म्हणजे पुन्हा परवानगी. शिवाय टाकीचं झाकण नीट बसलं नाही तर डेंग्यूचे डास, आणि मग कीटकनाशक खात्याची नोटीस तुमच्या नावाने. उष्णतेचंही आहेच: लेट्यूसला गारवा लागतो, टाकीतलं पाणी तापलं की मुळं कुजतात. मार्चनंतर मनोऱ्यात पुदिना किंवा तुळस लावून बघावी, लेट्यूसचा नाद सोडावा.

उत्पन्न किती? एका मनोऱ्याला चाळीस छिद्रं धरली तर दहा मनोऱ्यांत चारशे रोपं. रोपामागे शंभर ग्रॅम पाला धरा: चाळीस किलो, आणि त्याला लागतो सव्वा ते दीड महिना. म्हणजे दिवसाला किलोभर. दोनशे घरांच्या वसाहतीत किलोभर पाला! उभ्या शेतीने वसाहतीचं पोट भरणार नाही. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते, कारण मग प्रश्न उरतो तो रोज उद्यानात कोण येईल, एवढाच.

मातीच्या पिशव्या आणि रॅक

दिसायला गबाळं, म्हणून बैठकीत याला हात वर होत नाहीत. पण मुंबईत या पद्धतीची परंपरा आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने थोड्या जागेत, ऊन आणि काडीकचरा वापरून पीक घेण्याचा विचार महाराष्ट्रभर पोचवला. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. त्यातलं तंत्र एवढंच की माती विकत आणायची नाही, ती घडवायची.

उद्यानात त्याचा कच्चा माल पायाखाली पडलेला असतो. पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, ती आंब्याच्या पानांपेक्षा कितीतरी लवकर कुजतात. रसवंतीवाल्याकडे उसाचा चोथा असतो, तो देऊन टाकायला तयारच असतो. पिशवीत खाली चोथा, वर वाळका पाला, मध्येमध्ये शेणखत किंवा तयार कंपोस्ट, आणि वर चार बोटं माती. शिजवलेलं अन्न मात्र टाकू नका. ते टाकलं की घुशी येतात, आणि मुलांच्या हातापायाशी घुशींचं मूत मिसळलेलं पावसाचं पाणी म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती. आमच्याकडे एका आजींनी प्रेमाने रोज वरणभात टाकला. आठवड्यात बिळं झाली. आजींना सांगणं हे घुशी हाकलण्यापेक्षा अवघड गेलं.

पिशवी उद्यानाच्या जमिनीवर भरवसा ठेवत नाही, हा तिचा मोठा फायदा. जिथे वर्षानुवर्षं डेब्रिज, रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्या पडल्या, तिथली माती पालेभाजीला देऊ नये. शिशासारखे जड धातू मुळावाटे पानात येऊ शकतात. थेट जमिनीतच लावायचं असेल तर आधी मातीची तपासणी करून घ्या, आणि तपासणीत जड धातू बघायला सांगा. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश बघून उपयोग नाही.

वजन विसरू नका. बारा इंची पिशवी ओली असताना वीस किलोच्या आसपास जाते. तीन मजली रॅकवर अठरा पिशव्या म्हणजे साडेतीनशे किलो. हे कंपाउंडच्या भिंतीला टांगायचं नाही. पावसाळ्यात जुन्या भिंती पडल्याच्या बातम्या मुंबईकराला दरवर्षी वाचाव्या लागतात. लोखंडी अँगलची स्वतंत्र रॅक, भिंतीपासून हातभर लांब, सगळ्यात वरचा कप्पा पाचवीतल्या मुलाच्या हाताला येईल एवढ्याच उंचीचा.

काय लावाल? थंडीत लाल माठ, पालक, मेथी, मुळा. पावसात या भाज्या सडतात, तेव्हा वेलबोंडी, अळू, अंबाडी. रेल्वेलाइनच्या कडेला वर्षानुवर्षं दिसलेला तो हिरवागार माठ-पालक आठवा; मुंबईची हवा कोणत्या पाल्याला मानवते याचं ते उघडं प्रात्यक्षिक आहे.

पाणी घालायचं काम रोजचं, आणि मनोऱ्यापेक्षा जास्त. पण ते काम कुणालाही जमतं. आमचे माळीकाका मनोऱ्याला हात लावायला घाबरायचे. पिशव्यांच्या बाबतीत तेच आम्हाला शिकवतात.

रानकोपरा आणि मियावाकी

हे पर्याय शेतीचे नाहीत, तरी तुलनेत धरावेच लागतात, कारण सावलीच्या जागेत रानकोपऱ्याशिवाय दुसरं काही चालत नाही. मियावाकी पद्धत जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची: माती खोलवर मोकळी करून दर चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं. मुंबई महापालिकेने 2020 पासून वडाळ्याच्या भक्ती पार्कसह अनेक ठिकाणी अशी जंगलं लावली. पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि तण काढणं, मग ते आपलं आपण वाढतं. पण त्याला भरपूर ऊन आणि मोकळी जमीन लागते, आणि एकदा दाट झालं की आत पाऊल ठेवता येत नाही. लहान उद्यानात ती खेळाची जागा खाते. मोठ्या पडीक भूखंडाला शोभेल. आमच्यासारख्या ठिकाणी मी ते करणार नाही.

रानकोपरा याहून साधा. गवत कापणं थांबवा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यानंतर टाकळा, कुर्डू, आघाडा आपसूक येतात. त्यात कढीपत्ता, लिंबू, पानफुटी आणि एखादं ताम्हण लावा. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी येते, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनही अंडी घालतं. कुरतडलेलं पान बघून मूल "कीड लागली, औषध मारा" म्हणतं. पंधरा दिवसांनी त्याच फांदीला कोष लटकलेला दिसतो, आणि पुढचं काही सांगावं लागत नाही.

खर्च नगण्य. त्रास एकच: येणाराजाणारा म्हणतो, "किती रान माजलंय." आम्ही दोरी लावून पाटी लिहिली, "हे मुद्दाम ठेवलंय." तक्रारी निम्म्या झाल्या.

शिकवणं कुठे जास्त होतं

उद्यानाचं शिक्षणकेंद्र होऊ शकतं का, याचं मुंबईतलं सगळ्यात मोठं उत्तर धारावी-माहीमच्या मधोमध आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर उभं राहिलं, 1994 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मिठी नदीकाठची ती 37 एकर जागा. शाळांच्या सहली तिथे जातात त्या झाडांसाठी जेवढ्या, तेवढ्याच समजावून सांगणाऱ्या माणसांसाठी. आपल्याकडे 37 एकर नाहीत, पण माणसाची गरज तीच. क्यूआर कोडच्या पाट्या लावून मोकळे होऊ नका; आमच्या पाट्या दोन पावसाळ्यांत पांढऱ्या पडल्या.

पालिका शाळेतल्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्यांनी मनोरा नाही, पिशव्या मागितल्या. कारण साधं: शालेय पोषण आहाराच्या परसबागेत हेच करायचं असतं, आणि मुलाला बी पेरण्यापासून भाजी खुडण्यापर्यंत सगळं स्वतः करता येतं. मनोरा बघायला मुलं एकदा आली, पिशव्यांना पाणी घालायला दर आठवड्याला येतात. गणपतीच्या आधी एक तास पत्री ओळखण्याचा ठेवला होता: दूर्वा, आघाडा, माका, तुळस, बेल, शमी. दादरच्या बाजारात जुडी विकत घेणाऱ्या आयांनाच त्यात जास्त रस निघाला. पत्रीतलाच धोत्रा आणि कण्हेर मात्र मुलांच्या हाती देऊ नका, दोन्ही विषारी. रुईचा चीकही डोळ्यात गेला तर दवाखाना.

कुलूप, कागद आणि चोरी

उद्यान महापालिकेचं, म्हणून वॉर्डाच्या उद्यान खात्याचं लेखी पत्र हवंच. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्यावरून 2016 मध्ये एवढा वाद झाला की धोरणाला स्थगिती मिळाली, तेव्हा "आम्ही ताबा मागत नाही, देखभालीला हात लावतो" हे पत्रात स्पष्ट लिहा. भाजी चोरीला जाणार, हेही धरूनच चला. आम्ही फाटकाजवळ गवती चहा, पुदिना आणि कढीपत्ता लावला आणि तो कुणीही न्यावा असं जाहीर केलं. आतल्या रॅककडचे हात त्यामुळे बरेच कमी झाले.

मग घ्यायचं काय

उद्यानाला लागून शाळा किंवा कुलूपबंद खोली आहे, वीज भरवशाची आहे, आणि आठवड्यातून तीनदा पीएच मोजणारा एखादा निवृत्त विज्ञान शिक्षक मिळतोय? दोन मनोरे घ्या. दहा नकोत. ते छपराखाली ठेवा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालवा आणि उन्हाळ्यात धुऊन आत ठेवा.

ऊन आहे, वीज नाही, माळी आहे: पिशव्या. मे महिन्यातच पाला कुजवायला घाला, दसऱ्यापर्यंत खत तयार होतं.

उन्हाचा तुकडाच नाही: रानकोपरा, आणि आठवड्यातून एक तास देणारं कुणीतरी.

आमचे मनोरे आता शाळेच्या व्हरांड्यात आहेत. मावशींच्या मे महिन्याच्या प्रश्नाला उत्तर मात्र मावशींनीच दिलं. त्या गावाला जात नाहीत. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि सकाळी सहाला पहिली झारी त्यांचीच.