जोडीदाराचा स्वतःचा व्यवसाय आणि संयुक्त रिटर्नचा रिफंड: एस्टिमेटर, डब्ल्यू-४ आणि डायरेक्ट पे वर्षभर वापरल्यावर

भारतात नवऱ्याचं पॅन वेगळं, बायकोचं वेगळं, आणि रिटर्नही वेगळं. अमेरिकेत आल्यावर दोघांचं मिळून सहसा एकच १०४० (केंद्र सरकारचं टॅक्स रिटर्न) भरलं जातं. एकाची नोकरी आणि दरवर्षी येणारा रिफंड याची सवय झालेली असते, तेवढ्यात दुसऱ्याचे डबे, फराळाच्या ऑर्डरी, गणिताचे क्लास किंवा वेब डिझाइनची कामं सुरू होतात. मग एप्रिलमध्ये रिफंडऐवजी देणं निघतं. संयुक्त रिटर्न भरलं म्हणून नुकसान झालं, असं बऱ्याच घरांत वाटतं, पण कारण दुसरंच असतं. पगारातून दर पंधरवड्याला टॅक्स कापला जातो, व्यवसायाच्या पैशातून कुणीच काही कापत नाही.

यावर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्स खात्याच्या, तीन सोयी आहेत: टॅक्स विदहोल्डिंग एस्टिमेटर (किती कपात हवी ते सांगणारं वेबसाइटवरचं गणकयंत्र), नोकरीत द्यायचा डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) आणि डायरेक्ट पे (बँकेतून थेट टॅक्स भरायची सोय). २०२५ च्या आगाऊ टॅक्सच्या (एस्टिमेटेड टॅक्सच्या) चारही हप्त्यांच्या तारखा उलटेपर्यंत या तिन्ही वापरून जे दिसलं ते इथे आहे. आमचं मत आधीच सांगतो: एकाला पगार असेल तर डब्ल्यू-४ हाच मुख्य उपाय, बाकीचे दोन त्याच्या मदतीला.

आधी आकडे, कारण ते डोळ्यांसमोर नसले की एस्टिमेटरचं उत्तर चुकीचं वाटतं. नोकरीचा पगार १,१०,००० डॉलर, सोशल सिक्युरिटी नंबर असलेलं एक लहान मूल, आणि डब्ल्यू-४ मध्ये मुलाच्या क्रेडिटची तिसरी पायरी भरलेली नाही. २०२५ मध्ये संयुक्त रिटर्नचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) वर्षाच्या मध्यात ३१,५०० झालं, पण पगारातून कपात जुन्या ३०,००० च्या हिशेबानेच चालू राहिली. त्यामुळे वर्षभरात साधारण ९,१२३ डॉलर कापले जातात. प्रत्यक्ष टॅक्स ८,९४३, त्यातून मुलाचं २,२०० चं क्रेडिट वजा केलं की ६,७४३. रिफंड २,३८०.

आता जोडीदाराचा खर्च वजा जाता नफा २०,००० धरा. शेड्यूल सी वर (रिटर्नला जोडायचा व्यवसायाच्या नफ्याचा तक्ता) हा नफा आला की शेड्यूल एसई (सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा तक्ता) लागतं: २०,००० चे ९२.३५ टक्के म्हणजे १८,४७०, त्यावर १५.३ टक्के, म्हणजे २,८२६ डॉलर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठीचा टॅक्स). नोकरीत याचा अर्धा भाग कंपनी भरते, इथे दोन्ही बाजू आपल्याच. यातले १,४१३ उत्पन्नातून वजा होतात. उरलेल्या नफ्यावर २० टक्के क्यूबीआय वजावट (स्वतःच्या व्यवसायाच्या नफ्यासाठी इन्कम टॅक्समध्ये मिळणारी), ३,७१७, मिळते. एवढं करून इन्कम टॅक्स १,७८४ ने वाढतो. एकूण वाढ ४,६१०. म्हणजे २,३८० चा रिफंड जातो आणि वर २,२३० भरावे लागतात.

या वाढीतला मोठा वाटा इन्कम टॅक्सचा नाही, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा आहे. मुलाचं क्रेडिट इन्कम टॅक्स कमी करतं. स्टँडर्ड डिडक्शन कितीही मोठं असलं तरी या २,८२६ ला हात लागत नाही. निव्वळ नफ्याचे ९२.३५ टक्के ४०० डॉलर किंवा जास्त झाले की तो लागतोच.

झटपट अंदाजासाठी नफ्याला गुणायचे टक्के असे: दोघांचं करपात्र उत्पन्न १२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर २३, २२ च्या टप्प्यात साडेतीस, २४ च्या टप्प्यात ३२. क्यूबीआयची मर्यादा आड येत नाही अशा साध्या व्यवसायासाठी हे चालतं. राज्याचा टॅक्स वेगळा. टेक्सास, वॉशिंग्टनमध्ये पगारावर किंवा अशा व्यवसायाच्या नफ्यावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही. कॅलिफोर्निया क्यूबीआय वजावट मानत नाही, आणि तिथले राज्याचे हप्ते ३०, ४०, ० आणि ३० टक्के असे येतात. केंद्राच्या हिशेबाने चार समान भाग केले तर जूनमध्ये कमी पडतं.

एस्टिमेटरबद्दल. नाव, सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँक खातं तो मागत नाही, हे फार चांगलं. पण भरलेली माहिती जतनही करत नाही. पे-स्टबवरचे (पगाराच्या पावतीवरचे) आतापर्यंतचा पगार, आतापर्यंतची कपात, ४०१(के) (नोकरीतली निवृत्तीची बचत) आणि विम्याची कपात हे चार आकडे आधी कागदावर उतरवून मगच बसावं. व्यवसायाच्या जागी जमा झालेले पैसे टाकायचे नाहीत, खर्च वजा केलेला नफा टाकायचा. झेलवर (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) आलेली सगळी रक्कम टाकली की उत्तर हजार-दोन हजारांनी फुगतं. शेवटी हवा तेवढा रिफंड निवडता येतो आणि त्यानुसार भरलेला डब्ल्यू-४ उतरवून घेता येतो. वर्षातून तीनदा चालवला तर पुरतो: जानेवारीच्या शेवटी, जूनमध्ये, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्यातला ऑक्टोबरचा चुकवू नये.

डब्ल्यू-४ मध्ये एकच जागा महत्त्वाची आहे, ४(सी). दर पगाराला किती जास्त कापायचे तो आकडा इथे येतो. वरच्या उदाहरणात पगार वर्षात २६ वेळा होत असेल तर एप्रिलचं देणं शून्यावर आणायला ८६ डॉलर, आणि पूर्वीइतकाच रिफंड हवा असेल तर १७८. लोक ४(ए) मध्ये, म्हणजे इतर उत्पन्नाच्या रकान्यात, २०,००० लिहून मोकळे होतात, तेवढं पुरत नाही. तिथून फक्त इन्कम टॅक्स मोजला जातो, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स नाही. कपात सुमारे २,७०० ने वाढते, लागतात ४,६१०.

डब्ल्यू-४ ला आम्ही इतकं का मानतो? पगारातली कपात केव्हाही झाली तरी ती वर्षभर सारखी भरली असं धरलं जातं. हप्ते मात्र ज्या दिवशी भरले त्या दिवशीचेच. नोव्हेंबरमध्ये लक्षात आलं की २,००० कमी पडतायत, तर उरलेल्या पगारांत ते कापून घेतले की एप्रिल, जून, सप्टेंबरची कमतरताही भरून निघते. कंपनीला नवा डब्ल्यू-४ लागू करायला साधारण ३० दिवसांपर्यंत मुभा असते, त्यामुळे तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावा. जानेवारीत आठवणीने पुन्हा बदलावा, नाहीतर ती वाढीव कपात नव्या वर्षातही चालू राहते.

वर्षभरात टॅक्स कमी भरल्याच्या दंडाचं गणित पहिल्या वर्षी फसवतं. देणं १,००० च्या आत असेल, किंवा या वर्षीच्या टॅक्सचे ९० टक्के भरले असतील, किंवा मागच्या वर्षीच्या एकूण टॅक्सइतके भरले असतील, तर दंड नाही. मागच्या वर्षी समायोजित उत्पन्न (एजीआय, म्हणजे १०४० वरच्या काही वजावटींनंतरचं उत्पन्न) दीड लाखांच्या वर असेल तर मागच्या टॅक्सचे ११० टक्के लागतात. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मागचा टॅक्स फक्त पगाराचा असतो, तेवढा पगारातून कापलेला असतो, म्हणून २,२३० चं देणं निघूनही दंड लागत नाही. घर निर्धास्त होतं. दुसऱ्या वर्षी मागच्या टॅक्समध्येच सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स मिसळलेला असतो आणि नेमके तेव्हा अडकतात. १०४० ची २४ वी ओळ, म्हणजे एकूण टॅक्स, पाहिल्याशिवाय दुसरं वर्ष सुरू करू नये. २०२५ मध्ये हा दंड वार्षिक ७ टक्के दराने होता.

डायरेक्ट पे फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, बँकेतून थेट पैसे जातात आणि पुढच्या तारखाही आधीच लावून ठेवता येतात: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. ओळख जुन्या रिटर्नवरून पटवली जाते. जे वर्ष निवडाल त्या वर्षीच्या रिटर्नवरचाच पत्ता आणि फाइलिंग स्टेटस (संयुक्त, एकट्याचं वगैरे) टाकायचा, आजचा नाही. घर बदललेल्यांचं इथेच अडतं. कारण म्हणून ‘एस्टिमेटेड टॅक्स’ निवडायचं. सगळ्यात जास्त चुका जानेवारीत होतात: १५ जानेवारी २०२६ ला भरलेला हप्ता २०२५ चा असतो, २०२६ निवडलं तर पैसे पुढच्या वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात. आणि दरवेळी रिटर्नवर ज्याचं नाव पहिलं, त्याच्याच सोशल सिक्युरिटी नंबरावर भरा. शोधाशोध वाचते.

फराळ करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. सप्टेंबर ते डिसेंबरची कमाई चौथ्या हप्त्यात येते. नफा जवळपास सगळा दिवाळीचा असेल तर एप्रिलपासून हप्ते भरायची गरज नाही. १५ जानेवारीला भरून रिटर्नला फॉर्म २२१० चं (दंडाच्या हिशेबाचा फॉर्म) शेड्यूल एआय जोडलं की आधीच्या तिमाहींचा दंड टळतो. हे शेड्यूल किचकट आहे. घरात पगार असेल तर नोव्हेंबरमधला डब्ल्यू-४ याहून सोपा.

खर्च नोंदवायचा कंटाळा महाग पडतो. २०२५ मध्ये व्यवसायासाठी चालवलेल्या गाडीला मैलामागे ७० सेंटची वजावट होती. १,००० मैलांचे ७०० डॉलर म्हणजे या उदाहरणात सुमारे १६१ डॉलर टॅक्स वाचला. घराचा ठरावीक भाग फक्त कामासाठीच आणि नेहमी वापरत असाल तर चौरस फुटाला ५ डॉलरची वजावट, जास्तीत जास्त १,५००. मुलाच्या डे-केअरचं क्रेडिट दोघांनाही कमाई असेल तरच मिळतं, आणि जोडीदाराचा नफा त्यासाठी चालतो. पण ज्याची कमाई कमी, तेवढ्यापर्यंतच.

एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्यांनी हे सगळं इएडी (काम करायचा परवाना) हातात आल्यावरच सुरू करावं. त्याआधी घरून डबे विकणंही कामच धरलं जातं.

त्या २,८२६ चा एक उपयोगही आहे. त्यामुळे ती कमाई व्यवसाय करणाऱ्याच्या स्वतःच्या सोशल सिक्युरिटी खात्यात मोजली जाते. २०२५ मध्ये ७,२४० डॉलरच्या कमाईवर वर्षाची चारही क्रेडिट्स (निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी मोजली जाणारी, टॅक्सची नव्हेत) मिळत होती, आणि निवृत्तिवेतनासाठी ४० लागतात. भारताशी अमेरिकेचा सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे तिकडची नोकरीची वर्षं इथे धरली जात नाहीत. म्हणून शेड्यूल सी आणि शेड्यूल एसई वर नाव व्यवसाय करणाऱ्याचंच आहे ना, हे सही करण्याआधी बघा. पगारदाराचं नाव पडलं तर क्रेडिट्स चुकीच्या खात्यात जातात आणि रिटर्न दुरुस्त करावं लागतं.